चिवळीचं अंगण

शाळा सकाळची झाली की माझा उन्हाळा सुरू होतो. पंचांग काय म्हणतं आणि टीव्हीवरचे तापमानाचे आकडे काय म्हणतात, याच्याशी मला कर्तव्य नाही. लोणारच्या स्टँडवरून, मी शिकवते त्या बीबी गावाकडे जाणारी पहिली गाडी धरायची, तेव्हा खिडकीतून येणारा वारा अंगावर पदर ओढून घ्यायला लावतो. आणि दुपारी तीच गाडी परत आणते तेव्हा खिडकीच्या दांडीला हात लावायची सोय नसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा निघून गेलेली मोकळी वावरं, बांधावरचा एखादा पळस, कडुनिंबाच्या फुलांचा तो कडू-गोड वास. शेजारच्या सीटवर बहुतेक एखादी बाई कांद्याच्या पिशवीवर पाय ठेवून झोपलेली असते. साधाच प्रवास, पण वर्षातल्या याच दोन महिन्यांत तो मला मनापासून आवडतो.

परवा तशीच परत आले. स्टँडवरून माझ्या घरी जाताना माहेर आधी लागतं. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मध्ये फक्त दोन गल्ल्या. मैत्रिणींना याचा हेवा वाटतो. मी त्यांना सांगते, बायांनो, माहेरपण म्हणून जे काय असतं ते मला कधी मिळालंच नाही, मिळाली ती नुसती ये-जा. तरी उन्हातून येताना माहेरच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबायचं हा माझा नेम आहे. परवा थांबले तर अंगणभर चिवळ पसरलेली. जमिनीला चिकटून वाढणारी, तांबूस देठांची, तांदळाएवढ्या पानांची. भर उन्हात तिची पिवळी फुलं उघडली होती, इतकी बारीक की चष्मा विसरलेल्या माणसाला ती दिसायचीही नाहीत. आणि मला तीन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात आम्ही बाबांचं लॉन काढलं.

बाबा माळी होते. जातीनं नव्हे, नोकरीनं. आम्ही बौद्ध. बाबांच्या आधी आमच्या घरात कुणी बागेला पाणी घातलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचं, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या माहीत. बाबा तरुणपणी गावातल्याच एका सरकारी विश्रामगृहात रोजंदारीवर लागले, मग कायम झाले, आणि तीस वर्षं त्यांनी तिथलं लॉन सांभाळलं. साहेब यायचे, जायचे, बदलून जायचे. लॉन तेच आणि बाबाही तेच. निवृत्त झाल्यावर आमच्या जुन्याच जागेवर नवं घर बांधलं, तेव्हा आधी ठरलं ते लॉन आणि मग राहिलेल्या जागेत खोल्या बसल्या. मायनं स्वयंपाकघर मोठं मागितलं होतं. ते अजूनही लहानच आहे, आणि मायही ते अजून विसरलेली नाही.

ते लॉन म्हणजे नर्सरीतून आणलेलं बारीक, मऊ, मखमली गवत. बाबा ते लांब दांड्याच्या कातरीनं कापत. दर रविवारी सकाळी फाटकाच्या आतून त्या कातरीचा कचकच आवाज यायचा आणि कापलेल्या गवताचा हिरवा, ओलसर वास अर्ध्या गल्लीत पसरायचा. कडा अशा सरळ की मी मुलांना भूमितीसाठी दाखवायला आणाव्यात. जयंतीला घरी पाहुणे आले, की पांढऱ्या साड्यांमधल्या बाया आणि निळे फेटे बांधलेले पुरुष त्या हिरव्यावर फोटो काढायचे. बाबा बाजूला उभे राहून पुन्हा पुन्हा सांगायचे, "चप्पल काढा बाप्पा, चप्पल काढून उभे राहा." एकदा माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी चप्पल काढायला लावली होती. त्याचा माझ्या सासरी बरेच दिवस उल्लेख होत असे.

पण लोणारच्या उन्हाळ्यात लॉन ठेवायचं म्हणजे हत्ती पोसणं. नळ आठ-दहा दिवसांनी येणार, तोही त्याच्या मर्जीनं. नळाला पाणी यायच्या आधी आतून हवा सुटते, हिस्स करून. ती हिस्स ऐकून बाबा झोपेतून उठून बसायचे. प्यायचं, स्वयंपाकाचं भरून झालं की उरलेलं सगळं गवताला. ते पुरेना, तेव्हा बाबांनी न्हाणीघरात आंघोळ करणं सोडलं. एक चपटा दगड होता. तो लॉनवर ठेवायचा आणि त्यावर बसून बादलीभर पाण्यानं आंघोळ करायची. दुसऱ्या दिवशी दगड दोन हात पुढे. असा तो दगड आठवडाभरात सगळ्या लॉनवर फिरून यायचा. सकाळी गाडी धरायच्या घाईत मी फाटकाबाहेरून विचारायची, "बाबा, आज कोणत्या कोपऱ्यात?" तर डोक्यावर तांब्या धरलेले बाबा गंभीरपणे म्हणायचे, "आज ईशान्य."

समोरच्या घरातली केसरमावशी हे सगळं आपल्या ओट्यावरून बघायची. ही मायची चाळीस वर्षांपासूनची निंदणीतली सोबतीण, दोघी लोकांच्या वावरांत तण काढायला बरोबर जायच्या. तिच्या घरी माणसं जास्त आणि ड्रम एकच. तोंडानं ती कधी काही बोलली नाही, पण बाबा पाइप धरून उभे राहिले की ती उठून घरात जायची. ते मला बोलण्याहून जास्त लागायचं. आणि बाबांनाही लागत असणार, कारण तिचं दार लागलं की ते पाइपची धार बारीक करायचे.

त्या वर्षी फाल्गुनाच्या शेवटी नळ नवव्या दिवशी आला, तोही दुपारी एक वाजता. बाबा पाइप घेऊन उन्हात उतरले आणि पंधरा मिनिटांत त्याच हिरव्यावर कोसळले. केसरमावशीनं पाहिलं. ती धावत आली, पाइप उचलून आधी आपल्या ड्रममध्ये सोडला आणि मग मोठ्यानं ओरडली. हे मी रचून सांगत नाही, ती स्वतःच सांगते. "पानी वाह्यलं असतं न वो वाया. तुह्या बापाले उचलाले चार मानसं लागनार होतेच, ते येईपर्यंत ड्रम भरला." बाबा शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न होता, डाव्या बाजूला पाणी पोचलं का.

डॉक्टरांनी सांगितलं, उन्हात उभं राहणं बंद, बादल्या उचलणं बंद, पुन्हा पडले तर माझ्याकडे आणू नका, थेट संभाजीनगरला न्या. घरी येऊन मी आणि पुण्याहून फोनवर माझा भाऊ, आम्ही दोघांनी ठरवून टाकलं: लॉन काढायचं. ठेवलं तर बाबा त्याच्यापायी जीव देतील, हे दिसतच होतं. पण मला दुसरी भीती त्याहून मोठी होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवत नव्हते. आमच्या शाळेतला एक शिपाई निवृत्त झाला आणि सहा महिन्यांत गेला. आजार काही नव्हता. घंटा वाजवायची नव्हती, एवढंच. बाबांच्या हातून पाइप काढून घेतला तर सकाळी उठून हा माणूस करेल काय? कशासाठी उठेल? गवत राहिलं तर बाबा जातील आणि गवत गेलं तरी बाबा जातील, असं मला त्या दिवसांत रोज वाटायचं, आणि गाडीत खिडकीकडे तोंड करून मी रडायची. शेजारची बाई झोपलेली असायची, ते बरं होतं.

मग लॉनच्या जागी काय लावायचं याची चर्चा. गावात प्रत्येकाकडे उत्तर होतं. निम्म्यांचं उत्तर एकच: गट्टू बसवा. हल्ली आमच्याकडे दाराशी मोकळी जमीन दिसली की लोकांच्या हाताला खाज सुटते, गट्टू बसवल्याशिवाय ती शमत नाही. आधीच तापणारं गाव, त्यात अंगणात सिमेंटच्या विटा. मी ते तिथल्या तिथे मोडून काढलं. माय म्हणाली, "पालक टाका, संभार टाका, वांगे लावा." पण कोथिंबीर-वांग्यालाही पाणी लागणारच. पुण्याच्या भावानं कृत्रिम गवताचा तुकडा नमुना म्हणून पाठवला. दिसायला सुरेख होता, खोटं कशाला बोलू. बाबांनी तो उन्हात टाकला, दुपारी अनवाणी त्यावर पाय ठेवला आणि जी उडी मारली ती मी त्यांच्या वयाला विसरून पाहतच राहिले. संध्याकाळी त्यांनी तो तुकडा उचलून कूलरखाली अंथरला. तिथे तो अजून आहे, ठिबकणारं पाणी झेलतो. भावाला मी सांगितलं, तुझ्या गवताचा उपयोग झाला.

शेवटी नर्सरीत गेले. तिथला माणूस जाणता होता. त्यानं आधी विचारलं, ऊन किती, पाणी किती, पायदळी येणार का. मग एक-एक दाखवत गेला. पिवळ्या फुलांचा पसरणारा वेल होता, पण तो एकदा पसरला की शेजाऱ्याच्या घरात शिरतो म्हणाला. दहा वाजता उमलणारी रंगीत 'ऑफिस टाइम' होती, पण ती पाय सहन करत नाही. मग त्यानं जलपिंपळी काढली. लहान पानं, जमिनीलगत वाढ, पांढरी-जांभळी बोंडासारखी फुलं. कापायला नको, धरली की पाणी अगदी थोडं, वरून चाललं तरी चालतं. मला ती एकदम पटली. मी मास्तरीण आहे. एखादी गोष्ट मला पटली की ती जगाला पटलेली आहे असंच मी धरून चालते.

खोदायला माणसं सकाळी येणार होती. आदल्या संध्याकाळी मी गेले तर कातरीचा आवाज. ऊन उतरल्यावर बाबा लॉन कापत होते. कडासुद्धा नीट काढत होते.

"बाबा, उद्या खोदणार आहेत ते."

"मालूम हाय मले."

"मग कापता कशाला?"

"जाऊनच राह्यलं त नीटनेटकं जाऊ दे," ते म्हणाले आणि पुढची कड धरली. मी पायरीवर बसले. अंधार होईपर्यंत ते कापत राहिले. नंतर मी घरी जाऊन मुलांवर उगाच ओरडले.

दुसऱ्या दिवशी कुदळी चालल्या तेव्हा बाबांनी आत रेडिओ मोठ्यानं लावला होता. दोन दिवसांत जमीन उघडी झाली, काळी, ढेकळांची, आणि घर एकदम बुटकं वाटायला लागलं. माय त्या वेळी केसरमावशीला सोबत घेऊन साखरखेर्ड्याला बहिणीच्या नातीच्या लग्नाला गेलेली. मी शाळा सुटली की ऊन उतरायची वाट बघायची आणि मग वीत-वीत अंतरावर दोरी धरून एक-एक रोप लावायची. चार दिवस लागले. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसत. एकदाही उतरून आले नाहीत. मी म्हणायची, "बघा बाबा, किती छान दिसेल." ते म्हणत, "हाव." या 'हाव'ला होकार समजणं, हीच माझी चूक.

दोघी शनिवारी रात्रीच्या गाडीनं परतल्या. रविवारी सकाळी मी जरा उशिरा उठले, चहा घेतला आणि माहेरी गेले, तर फाटकाच्या आत माय आणि केसरमावशी, दोघी उकिडव्या बसलेल्या, हातात खुरपी, तोंडात गप्पा. निंदणीच्या बाया बसतात तशाच, एकीची पात, म्हणजे तणाची ओळ, संपली की दुसरीची सुरू. त्यांच्या मागे जमीन लख्ख. आणि पलीकडे, फाटकाशी, माझ्या जलपिंपळीचा ढीग, मुळं वर करून उन्हात टाकलेला. म्हणजे पुन्हा धरू नये म्हणून उन्हात टाकतात तसा, रीतसर.

माय मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आली का वो? पाय, आठ दिवस घरी नव्हती त वढ्याकाठचं तन घरात घुसलं. सारं काढलं आमी दोघीनं."

"माय, ते लावलेलं होतं! ओळीत होतं, दिसलं नाही तुला?"

मायनं केसरमावशीकडे पाहिलं. केसरमावशी शांतपणे खुरपीची माती झटकत म्हणाली, "ओळीत होतं न बाई. आमी म्हनलं, आता तन बी शिकलं. निंदाले लय सोपं गेलं."

मी अशी संतापले की मला हसू आलं, की आधी हसू आलं आणि मग संतापले, हे आता आठवत नाही. पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. जमीन अगदी मोकळी नव्हती. मध्ये मध्ये तांबूस देठांचे लहान गोल ठिपके तसेच ठेवलेले होते. ती चिवळ होती. गवत खोदलं तसं तिला ऊन मिळालं असणार आणि ती वर आली होती. चाळीस वर्षं निंदणीला गेलेल्या या दोन बायांचे हात तिच्याभोवतीनं आपोआप वळसा घालून गेले होते.

कारण निंदणीची एक रीत आहे, ती मी लहानपणी पाहिलेली. मजुरी मालकाच्या मर्जीची, पात मालकाची, पीक मालकाचं. पण वावरातली चिवळ, घोळ, तांदूळकुंद्रा जी काय भाजी निघेल ती बाईची. त्याला मालक कधी नाही म्हणत नाही. म्हणून तण उपटताना भाजी बाजूला राखायची आणि संध्याकाळी सुटी झाली की खुडून लुगड्याच्या खोचलेल्या ओट्यात भरायची. उन्हाळ्याच्या सुटीत मी मायबरोबर कांद्याच्या वावरात जायची, तेव्हा परतताना मायच्या ओट्याला ओल आलेली असायची आणि मातीचा, आंबटसर असा वास यायचा. ती भाजी निवडायला जीव जातो. पाच-सात पाण्यांतून धुतली तरी एखादा खडा दाताखाली येतोच. लसणाची फोडणी, वरून बेसन, ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा. उन्हाळ्यात पोटाला थंड. आमचे कितीतरी उन्हाळे त्या ओट्यातल्या भाजीवर निघाले, हे मला आता कळतं, तेव्हा मी "आज पुन्हा चिवळ?" म्हणून तोंड वाकडं करायची.

पण त्या सकाळी मला हे काही सुचलं नाही. मी वळले ती बाबांवर. बाबा ओट्यावर खुर्चीत बसलेले. म्हणजे पहिली पात धरल्यापासून ते तिथेच बसून सगळं पाहत होते.

"बाबा, तुम्हाला तर माहीत होतं! सांगितलं का नाही यांना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर.

"मले कोनी इचारलं?" ते म्हणाले.

खरंच, कुणी विचारलं होतं? डॉक्टरांना विचारलं, पुण्याला विचारलं, नर्सरीवाल्याला विचारलं. तीस वर्षं ज्यानं हिरवळ सांभाळली, तो माणूस ओट्यावर बसलेला असताना मी जगभर हिरवळीबद्दल विचारत हिंडले. शिकलेल्या मुलांचं हे एक असतं. आपण आईबापांची काळजी इतकी घ्यायला लागतो की त्यांना विचारायचं राहून जातं. मला माझीच लाज वाटली. मी खाली पायरीवर बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं. आता तुम्ही सांगा, काय लावायचं?"

तो दिवस गेला, सोमवार गेला. केसरमावशी सांगायची, तुझा बाप सकाळ-संध्याकाळ अंगणात चकरा मारून राह्यला, मधीच वाकते, मातीले हात लावते. मंगळवारी मी शाळेतून आले तर ते फाटकाशीच उभे, सावलीत.

"हे राहू दे," चिवळीच्या एका ठिपक्याकडे बोट करून ते म्हणाले.

"चिवळ?"

"तीस वर्स म्या हिले उपटलं. लॉनमधी चिवळ दिसली का सायेब बोलत. रोज उपटून फेको. तरी दर उन्हाळ्यात आलीच. हिले कोनी पानी देल्लं? कोनी खत टाकलं?" त्यांनी पायानं एक ठिपका दाबून दाखवला. "पाय पडला तरी मरत नाई. देठ तुटला त तिथी मूळ धरते. थंडीत आखडते जराशी, पन उन्हाळ्यात हिच्यासारखी जमीन कोनीच झाकत नाई. मले पह्यलेच सांगाचं होतं."

"मग लोक काय म्हणतील? माळ्याच्या दारात तण?" मी मुद्दाम विचारलं.

"म्हनू दे. माळी रिटायर झाला म्हना."

आणि ते हसले. फाल्गुनानंतर पहिल्यांदा.

मग त्यांनी मला लावायला सांगितलं, आणि मी त्यांच्या हाताखाली लावलं. देठांचे बोटभर तुकडे, ओल्या मातीत नुसते दाबायचे. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी शिंपडण्यापुरतं पाणी, नंतर तेही नाही. कुठला तुकडा कुठे, किती अंतरावर, हे सगळं बाबा खुर्चीतून सांगत आणि मी गुडघ्यांवर. जयंतीला पाहुणे आले तेव्हा अंगण टकलावर केस उगवावेत तसं दिसत होतं. माझ्या सासऱ्यांनी आल्याबरोबर सवयीनं चप्पल काढली. बाबा म्हणाले, "राहू द्या व्याही, राहू द्या, आता चालते."

वैशाख लागला आणि ठिपके एकमेकांना जाऊन भिडले. पाणी नाही, कापणं नाही, कडा काढणं नाही. आणि मग मला ज्याची भीती होती ते दिवस आले. बाबा सवयीनं पाचला उठायचे, अंगणात यायचे, उभे राहायचे. करायला काही नाही. कातर भिंतीला टांगलेली. पुन्हा आत जायचे. नळाची हिस्स ऐकून आता मायच उठायची. पाणी यायचं आणि सगळे ड्रम भरून उरायचं. एके दिवशी बाबांनीच पाइप केसरमावशीच्या दारात नेऊन सोडला. ती बाहेर येऊन बघत राहिली. "भर वो," एवढंच म्हणून बाबा परत आले आणि खुर्चीत बसले. तिथे ते दुपारपर्यंत बसायचे. मायनं मला हळूच सांगितलं, "बोलतच नाई वो फारसे. भिताडाकडे पाहून राह्यते." रोज दुपारी मी फाटकाशी थांबायची ती चिवळ बघायला नव्हे, बाबा बघायला. आणि घरी जाऊन हिशेब लावायची, आज किती बोलले.

गल्लीतल्या बाया भाजी मागायला येऊ लागल्या. बाबांना वाटलं, सगळं अंगण ओरबाडून नेतील. पण माय म्हणाली, चिवळीवर बाईचा हक्क असते, तुमी मधात पडू नोका. ते मधे पडले नाहीत, फक्त पहिल्या दिवशी उठून दाखवलं, मुळासकट नाही उपटायचं, शेंडा खुडायचा, म्हणजे चार दिवसांत परत येते. बाया गेल्या, बाबा पुन्हा खुर्चीत. मला वाटलं होतं, याच कामात त्यांचं मन रमेल. रमलं नाही. बायांना एकदा सांगितलेलं कळलं होतं. रोज सांगायची गरजच उरली नाही.

मे महिन्यातला रविवार होता तो, सुट्या लागल्या होत्या. सकाळचे आठ वाजले असतील. मी माझ्या घरच्या ओट्यावर ज्वारी पाखडत होते. फाटक वाजलं म्हणून वर पाहिलं, तर बाबा. एकटे. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात दुपट्ट्यात बांधलेली चिवळ. माझ्या हातून सूपच पडलं. माझ्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. या घरी बाबा बारशाला आले होते, सासूबाई गेल्या तेव्हा आले होते, थोरल्याच्या दहावीच्या निकालाला पाच मिनिटं उभ्यानं आले होते. आधी विश्रामगृहाचं लॉन, मग घरचं; उन्हाळ्यात पाणी येणार असायचं, पावसाळ्यात गवत वाढायचं, हिवाळ्यात कडा काढायच्या असायच्या. मध्ये दोन गल्ल्या होत्या आणि बावीस वर्षांत त्यांना त्या ओलांडायला सवड झाली नव्हती. मला वाटलं, मायचं काहीतरी झालं.

मी धावत फाटकाशी गेले. "काय झालं बाबा? माय बरी आहे ना?"

"बरी हाय न. तिले काय होते?"

"मग? तुम्ही असे अचानक?"

बाबांनी दुपट्ट्याची गाठ माझ्या हातात दिली. थोडं अवघडून इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "काई काम नव्हतं बाई. म्हून आलो."

मी त्यांना आत नेलं, स्वयंपाकघरातच पाट दिला आणि चहाचं आधण ठेवलं. चिवळ परातीत ओतून निवडायला घेतली, तर तेही समोर बसून निवडायला लागले, माळ्याच्या त्या जाड बोटांनी, एक-एक देठ. चहा झाला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. सवयीनं मीच विचारलं, "बाबा, निघायचं असेल ना तुम्हाला?"

त्यांनी मान वर केली नाही. "बसतो न," ते म्हणाले. "मले कुठी जाचं हाय?"